फाटक्या मोडी कागदावर एआय चालवायचाय? पहिल्यापासून सांगते

आजोळचं घर रिकामं करताना माळ्यावर एक ट्रंक निघाली आणि तिच्यात लाल खारव्यात बांधलेला एक रुमाल. जुन्या दप्तरांत कागद ज्या फडक्यात बांधून ठेवायचे त्याला रुमाल म्हणतात, आतल्या गठ्ठ्यालाही तेच नाव. उघडला तर शंभरच्या वर कागद, सगळे मोडीत, निम्म्यांना कसर लागलेली, काही पाणी पिऊन एकमेकांना चिकटलेले. घरात मोडी वाचणारं कोणी उरलेलं नाही. पणजोबांना यायची म्हणे.

मग मी दीड वर्ष हेच करत बसले होते, एआय वापरून हे कागद वाचायचे कसे. जिथे जिथे अडकले ते सगळं इथे लिहून ठेवतेय, कारण मोडीतल्या जुन्या नोंदी शोधणारे लोक आता गावोगावी आहेत आणि प्रत्येकजण त्याच चार खड्ड्यांत पडतोय.

आधी एक गैरसमज. व्हेसुव्हियसची बातमी बऱ्याच जणांनी वाचलेली असते. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीने हर्क्युलेनियम गाव गाडलं, तिथल्या पपायरसच्या गुंडाळ्या जळून कोळसा झाल्या, त्या न उलगडता क्ष-किरणांनी स्कॅन केल्या आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये एआयच्या मदतीने आतला पहिला अख्खा शब्द सापडला, 'पोर्फिरास', म्हणजे जांभळा. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये युसेफ नादेर, ल्यूक फॅरिटर आणि ज्युलियन शिलिगर या तिघांना दोन हजारांवर अक्षरं वाचून दाखवल्याबद्दल ७ लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. हे वाचून वाटतं की आपला कागद फोटो काढून टाकला की झालं. पण तिथलं काम वेगळं होतं, तिथे मॉडेल फक्त 'इथे शाई आहे की नाही' एवढंच सांगत होतं, ग्रीक वाचायला माणसं बसली होती. आपल्याकडे उलटं आहे. शाई बहुतेक ठिकाणी डोळ्यांना दिसते, अडचण ती वाचायची आहे, आणि वाचणारं मॉडेल भोकाशी आलं की स्वतःच्या मनाने भरून पुढे जातं. खालची सगळी पथ्यं या एकाच गोष्टीसाठी आहेत.

१. हातात काय आहे ते आधी ओळखा

अक्षरं सुटी, शिरोरेघ शब्दागणिक तुटणारी आणि ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दिसत असेल तर तो बाळबोध, म्हणजे देवनागरी. पोथ्या, स्तोत्रं, पंचांगं बहुतेक बाळबोधीत. हे तुमच्याकडे असेल तर तुमचं काम निम्म्याने सोपं.

रेघ आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग मारलेली, खाली अक्षरं हात न उचलता गुंफलेली, शब्दांमध्ये जागाच नाही, तर ती मोडी. व्यवहाराचे कागद यात, म्हणजे पत्रं, सनदा, खतं, महजर (पंचांसमोर झालेले निवाडे), जमाखर्च, जन्ममृत्यूच्या नोंदी. शाळा-कचेऱ्यांतून ती साधारण १९५० च्या आसपास गेली. म्हणजे सगळ्यात नवा कागदही पाऊणशे वर्षांचा.

काळही अंदाजाने लिहून ठेवा, शिवकालीन, पेशवेकालीन की आंग्लकालीन. बोरूने लिहिलेलं जाड-बारीक दिसतं, पुढे इंग्रजी अमलात टाक आला तशी रेघ बारीक आणि एकसारखी होत गेली. कागद उजेडासमोर धरला आणि आत इंग्रजी जलचिन्ह दिसलं तर तो गिरणीचा कागद. हे मॉडेलला सांगावं लागतं, म्हणून आत्ताच ठरवा.

२. काय काय लागेल

- कॅमेरा बरा असलेला फोन आणि त्याला धरायला स्टँड (हातात धरून काढू नका)
- दोन सारखे टेबल लॅम्प, हलवता येतील असे
- फिकट निळा किंवा हिरवा कार्डपेपर, कागदापेक्षा मोठा
- मऊ ब्रश, रंगकामाचा नवा चालतो
- पट्टी, फोटोत ठेवायला
- लॅपटॉप, त्यावर इमेजजे आणि जिंप ही फोटोंवर काम करायची सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट
- इमेजजेसाठी डीस्ट्रेच नावाचं प्लगिन
- ट्रान्सक्रिबस किंवा ईस्क्रिप्टोरियम या हस्तलिखितं वाचणाऱ्या सॉफ्टवेअरचं खातं, पण हे नंतर
- एक साधी दोनशे पानी वही

वही का ते सहाव्या पायरीत कळेल.

३. कागदाला हात लावताना

हात धुऊन पूर्ण कोरडे करा. हातमोजे नकोत, बोटांना अंदाज राहत नाही आणि कड फाटते. जुनी शाई बहुतेक काजळ आणि डिंकाची, पाण्यात विरघळणारी, त्यामुळे ओलं फडकं, वाफ, गुलाबपाणी काहीही लावायचं नाही. चिकटलेले कागद ओढून सोडवू नका, तो गठ्ठा तसाच बाजूला ठेवा, ते संवर्धन करणाऱ्यांचं काम आहे. सेलोटेप नको, फेविकॉल नको, लॅमिनेशन तर अजिबात नको. आमच्याकडे मामाने प्रेमापोटी चार कागद लॅमिनेट करून आणले, त्यांच्यावर आता कुठल्याही कोनातून उजेड टाकला तरी चकाकी येते आणि ते परत सोडवताही येत नाहीत.

प्रत्येक कागदाला नंबर द्या, पण कागदावर नाही, पाकिटावर. रुमालात ज्या क्रमाने निघाले तोच क्रम. जवळजवळ ठेवलेले कागद बहुतेकदा एकाच प्रकरणाचे असतात, आणि फाटलेलं नाव शेजारच्या कागदावर अख्खं सापडतं.

४. फोटो: इथे घाई केलीत तर पुढचं सगळं फुकट

माझे पहिले दोन महिने इथेच वाया गेले. मी काळ्या कापडावर कागद ठेवून फोटो काढले, काळ्यावर कागद उठून दिसतो म्हणून. झालं काय, किड्याने पाडलेल्या बारीक गोल भोकांतून खालचं काळं दिसायला लागलं आणि मॉडेलने प्रत्येक भोक अनुस्वार म्हणून वाचलं. 'गाव' चं 'गांव' झालं तर जुन्या लेखनात खपूनही जातं, कळतच नाही चूक आहे ते. म्हणून कागदाखाली फिकट निळा किंवा हिरवा कार्डपेपर घाला, शाईत नसतो आणि कागदात नसतो असा रंग. भोकातून निळं दिसलं की भोक, काळं दिसलं की शाई. पुढे जिंपमध्ये त्या रंगावर क्लिक करून सगळी भोकं एकदम निवडताही येतात.

घडी घातलेल्या कागदात भोकं घडीच्या दोन्ही बाजूंना आरशासारखी समोरासमोर येतात. एखादा ठिपका टिंब आहे की भोक याचा संशय असेल तर घडीपलीकडे तेवढ्याच अंतरावर बघा. कसरीचं वेगळं असतं, ती वरचा थर खरवडत जाते, आरपार जाईलच असं नाही, त्यामुळे तिथे अक्षर फिकट होतं पण कधीकधी खूण उरते.

प्रत्येक पानाचे निदान चार फोटो काढा. एक दोन्ही लॅम्प दोन बाजूंना सारखे ठेवून, एक लॅम्प अगदी टेबलाला टेकवून डावीकडून तिरका, एक तसाच उजवीकडून, आणि एक मागून उजेड देऊन. तिरक्या उजेडात बोरूने कागद दबलेला असेल तर शाई गेलेल्या जागीही रेघ दिसते. मागच्या उजेडात दोन थर कुठे चिकटलेत आणि पाठीमागची शाई कुठे पुढे फुटलीय ते कळतं.

फोनची सेटिंग बघा. डॉक्युमेंट स्कॅन मोड बंद, ब्यूटी-एन्हान्स वगैरे सगळं बंद. ही स्कॅनिंग ॲप्स पान काळं-पांढरं करून टाकतात आणि पुसट शाई पांढऱ्यात जाते, आणि हल्लीचे काही फोन झूम केल्यावर स्वतःच रेघा 'सुधारून' काढतात, म्हणजे वाचायच्या आधीच भेसळ. मोठं पान एका फोटोत बसवू नका, तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्यात वरच्या तुकड्याच्या दोन ओळी येऊ द्या. झूम करून बघा, अक्षराची उंची तीस-चाळीस पिक्सेल तरी भरली पाहिजे. व्हॉट्सॲपवरून फोटो पाठवायचे नाहीत, तो दाबून लहान करतो, केबलने घ्या.

मूळ फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याला पुन्हा हात लावू नका. जे काही कराल ते कॉपीवर.

५. पुसट शाई वर आणणं

सोपं आधी. जिंपमध्ये फोटोचे लाल, हिरवा, निळा असे चॅनल वेगळे करून एकेक बघा. पिवळट-तपकिरी पाण्याचे डाग निळ्या चॅनलमध्ये गडद दिसतात आणि लाल चॅनलमध्ये बरेचसे विरतात, शाई मात्र राहते. निम्मी पानं एवढ्याने वाचनीय होतात, खरंच.

त्याने भागलं नाही तर डीस्ट्रेच. हे मुळात जॉन हरमन यांनी गुहांमधली पुसट चित्रं दिसावीत म्हणून केलं, रंगातला अगदी बारीक फरक ताणून मोठा करतं. चित्र भडक जांभळं-हिरवं होतं, घाबरू नका, वेगवेगळे पर्याय दाबून बघा आणि अक्षर सगळ्यात स्वच्छ दिसेल तो ठेवा.

काजळाची शाई अवरक्त उजेडात काळीच राहते आणि डाग बहुतेक नाहीसे होतात, म्हणून मोठ्या संस्थांमध्ये वेगवेगळ्या तरंगलांबीच्या उजेडात फोटो काढतात. इंग्रजी काळातली लोह-मायफळाची शाई तपकिरी पडते, ती अवरक्तात उलट पुसट होते आणि अतिनील उजेडात गडद दिसते. घरी हे करायची गरज नाही, पण पुढेमागे संस्थेत गेलात तर कुठली शाई आहे हे सांगता आलं की त्यांचा वेळ वाचतो.

एक मात्र करू नका. 'जुने फोटो नवे करा' छापाची एआय टूल्स या पानांवर चालवू नका. ती अक्षर साफ करत नाहीत, अक्षरासारखं काहीतरी नवीन रंगवतात. एकदा का ते रंगवलेलं पान वाचायला दिलं की मूळ काय होतं हे कायमचं हरवतं.

६. वाचायला देणं

दोन रस्ते आहेत. पहिला चॅटबॉट, फोटो टाकायचा आणि विचारायचं. दुसरा हस्तलिखितांसाठीच केलेली सॉफ्टवेअर. ट्रान्सक्रिबस ही ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमधून चालणाऱ्या सहकारी संस्थेची आहे, ईस्क्रिप्टोरियम मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि क्राकेन नावाच्या इंजिनावर चालतं. दहावीस कागद असतील तर चॅटबॉटने सुरुवात करा, शेकड्याने असतील तर आठवी पायरी वाचा.

चॅटबॉटला 'हे वाचून दे' म्हणायचं नाही. असं म्हटलं की तो मोडी वाचल्याचा आव आणून एक सुंदर गोष्ट लिहून देतो, राजश्री अमुक गोसावी यांसी, विनंती उपरी, सगळं अगदी साचेबंद. जुन्या पत्रांचे मायने छापील पुस्तकांत हजारो आहेत, ते त्याला पाठ असतात आणि पानावर नसले तरी तो ते घालतो. मी आता हे वापरते:

'ही साधारण अठराव्या शतकातली मोडी लिपी आहे, बोरूने लिहिलेली. ओळीला ओळ ठेवून देवनागरीत लिप्यंतर कर. शब्द तोडू नकोस, जसं सलग आहे तसंच लिही. शुद्धलेखन सुधारू नकोस. कागद फाटलाय किंवा शाई नाही तिथे चौकटी कंसात जेवढी अक्षरं गेली असतील तेवढे ठिपके दे आणि काहीही भरू नकोस. अक्षर अर्धवट दिसत असेल तर त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह दे. अर्थ सांगू नकोस, भाषांतर करू नकोस.'

एका वेळी चार-पाच ओळींचा तुकडा द्या, अख्खं पान दिलं की तो मधल्या ओळी गाळतो.

शब्द तोडू नकोस हे मुद्दाम. मोडीत 'तोगावकरीनाही' असं सलग असतं. तो 'तो गाव करी नाही' असं तोडेल किंवा 'तो गावकरी नाही', आणि दोन्ही मराठी आहे. कुठे तोडायचं ते आधीची ओळ वाचून ठरतं, आणि ते तुम्ही ठरवा. इ आणि उ ला मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, त्यामुळे 'दिन' की 'दीन' हेही कागद सांगत नाही, संदर्भ सांगतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे कुठलाही खरा कागद द्यायच्या आधी करा. खोटं भोक पाडून बघा. एखादं चांगलं, अख्खं, तुम्हाला किंवा कुणा जाणकाराला नक्की वाचता येणारं पान घ्या, त्याच्या कॉपीवर जिंपमध्ये तीन-चार शब्दांवर कागदाच्या रंगाचे डाग मारा, आणि मॉडेलला द्या. ठिपके देतो की भरतो ते मोजा. मी दहा डाग मारले होते, सहा ठिकाणी त्याने बिनधास्त शब्द भरले, त्यातले दोन बरोबर होते. चार चुकीचे तितक्याच आत्मविश्वासाने. ज्या मॉडेलचं हे प्रमाण वाईट ते वापरूच नका, ते कितीही छान मराठी लिहीत असेल तरी. मॉडेल अपडेट झालं की परत हीच परीक्षा घ्या.

आणि वही. डाव्या पानावर फक्त जे दिसतं ते, ठिपक्यांसकट. उजव्या पानावर जे सुचतं ते, कोणाला सुचलं तेही लिहून, एआय, मी, की मोडीवाले काका. दोन्ही एकाच ओळीत कधीच लिहायचं नाही. एक्सेलमध्ये केलंत तरी चालेल, पण कॉलम दोन हवेत.

७. तारखा आणि आकडे, इथे जास्तीत जास्त फसवणूक होते

एक सनद होती आमच्या रुमालात. वर्षाच्या जागी मॉडेलने वाचलं, 'इसन्ने सबैन मया व अलफ'. जुन्या कागदांत सुहूर सन (तेव्हाची एक कालगणना) असा अरबी शब्दांत लिहितात, आधी एकक मग दशक मग शतक. इसन्ने दोन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. म्हणजे ११७२. सुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन येतो (वर्ष मृगापासून बदलतं, म्हणून पुढच्या जानेवारीपासून ६००), तर झालं १७७१-७२, म्हणजे थोरल्या माधवरावांची अखेरची वर्षं. आम्ही घरी सगळ्यांना सांगूनही टाकलं.

मग एकदा तिरक्या उजेडातला फोटो मोठा करून बघत होते तर लक्षात आलं की 'सबैन' मधला 'स' पानावर नाहीच आहे. तिथे कसरीने खाल्लेला डाग आहे, डाव्या काठाला खालून वर गेलेली केसाएवढी रेघ, आणि मग स्वच्छ 'बैन'. 'स' मॉडेलने घातलेला. आता 'बैन' ने संपणारी दशकं दोन, सबैन म्हणजे सत्तर आणि अर्बैन म्हणजे चाळीस. तीस वर्षांचा फरक. ११४२ धरलं तर १७४१-४२, नानासाहेबांचा काळ.

सोडवलं कशाने, तर शिक्क्याने. पेशव्यांच्या शिक्क्यात छत्रपतींचं नाव वर असतं आणि शिक्का देवनागरीत असतो. आमचा शिक्का अर्धा फिसकटलेला, आधी कोणी लक्षच दिलं नव्हतं. त्याचा लाल चॅनल काढून मोठा केला तर 'श्री राजा शा' एवढं निघालं. शाहू महाराज डिसेंबर १७४९ मध्ये वारले, म्हणजे १७७१ च्या सनदेवर त्यांचा शिक्का असूच शकत नाही. अर्बैनच. मी त्या कागदापाशी कितीतरी वेळ बसून होते त्या दिवशी.

तर तारखेचा प्रत्येक शब्द मूळ फोटोशी ताडून बघा. आणखी काही सापळे:

सबा म्हणजे सात आणि सबैन सत्तर, सित म्हणजे सहा आणि सितैन साठ, समान म्हणजे आठ आणि समानीन ऐंशी. शेपूट फाटली की आकडा दहापटीने बदलतो.

महिने मुसलमानी असतात, तारखेच्या आधी 'छ' असतो, तो चंद्राचा. रबिलावल-रबिलाखर आणि जमादिलावल-जमादिलाखर यांचं फक्त शेवटचं वेगळं. आणि सवाल हा महिना आहे, 'छ ५ सवाल' चा अर्थ मॉडेल पाच प्रश्न असा लावतं, म्हणूनच अर्थ सांगू नकोस असं आधीच बजावायचं.

नुसता 'सन' लिहिला असेल तर तो सुहूर की फसली (महसुलाचा सन) हे ठरवल्याशिवाय इसवी काढू नका. फसलीत ५९० मिळवतात, नऊ-दहा वर्षांचा फरक पडतो. शके असेल तर ७८.

आणि उभ्या रेघा. आकड्यापुढे '।' म्हणजे पाव, '॥' म्हणजे अर्धा, '॥।' म्हणजे पाऊण. १२॥ म्हणजे साडेबारा. पण तीच '॥' अक्षरापुढे आली की ते संक्षेपाचं चिन्ह, मौ॥ म्हणजे मौजे. मॉडेलला वाटतं श्लोक संपला, आणि ते ती रेघ सरळ गाळतं. आमच्या एका जमाखर्चात बेरीज जुळत नव्हती ती याच्यामुळे, सगळ्या अर्ध्या गायब. जमाखर्चाचा हा फायदा आहे, बेरीज करून वाचन तपासता येतं. नेहमी करा.

८. स्वतःचं मॉडेल शिकवायचं असेल तर

एकाच कारकुनाच्या हाताचे खूप कागद असतील तरच. ट्रान्सक्रिबसवाले हस्तलिखितासाठी ५ ते १५ हजार शब्द हाताने उतरवून द्यायला सांगतात, पानांत २५ ते ७५. हे खूप काम आहे आणि ते मोडी येणाऱ्या माणसानेच करायचं, एआयचं वाचन न तपासता शिकवायला दिलंत तर ते स्वतःच्याच चुका पाठ करेल.

मोडीला २०१४ पासून युनिकोड आहे आणि नोटो सॅन्स मोडी फॉन्टही आहे, तरी लिप्यंतर देवनागरीतच करा, वाचणाऱ्याच्या फोनवर ते दिसायला हवं. सॉफ्टवेअरने काढलेल्या ओळी आधी तपासा. मोडीत ओळीखाली लोंबणारी अक्षरं खालच्या शिरोरेघेला टेकतात आणि दोन ओळींची एक होते, फाटलेल्या जागी एका ओळीच्या दोन होतात. हे हाताने नीट केल्याशिवाय शिकवायला लावू नका.

थोडी पानं बाजूला ठेवा, मॉडेलला न दाखवलेली, आणि त्यांच्यावरच चूक मोजा. शंभर अक्षरांत दहा चुका म्हणजे चाळीस अक्षरांच्या ओळीत चार. ऐकायला बरं वाटतं, पण त्या चारांत गावाचं नाव असू शकतं.

आयआयटी रुरकीच्या लोकांनी २०२५ मध्ये मोडी पानांच्या २,०४३ प्रतिमा देवनागरी लिप्यंतरासकट जमवून मॉडेल केलंय, शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन तिन्ही. शिकणाऱ्यांनी ते जरूर बघा.

९. तपासणी

तोच तुकडा नवीन चॅट उघडून परत द्या, शक्य असेल तर दुसऱ्या मॉडेललाही. जिथे वाचनं वेगळी आली तिथे खूण करा. सारखी आली म्हणजे बरोबर असं मात्र समजू नका, दोघांनी तोच पाठ केलेला मायना घातलेला असू शकतो.

नंतर मोडी येणाऱ्या माणसाला दाखवा, पण त्यांना एआयचं वाचन आधी दाखवू नका. फक्त फोटो द्या. एकदा छापील ओळ डोळ्यासमोर आली की त्यांनाही तेच दिसायला लागतं. आमच्या मोडीवाल्या काकांनी हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, वाचन झाकून ठेव म्हणाले, मी ऐकलं नाही आणि पंधरा पानं परत करावी लागली.

आणि स्वतः मोडी शिका, मनापासून सांगते. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, मुळाक्षरं महिनाभरात बसतात. पूर्ण वाचता नाही आलं तरी 'हे अक्षर इथे आहे की नाही' एवढं सांगता येतं, आणि एआयबरोबर काम करायला तेवढं डोळ्यांना यायलाच हवं.

१०. कागद कुठे दाखवायचे, कुठे नाहीत

फुकटच्या साइटवर जमिनीचे, वारसाचे कागद चढवायच्या आधी घरातल्या सगळ्यांना विचारा. त्यात भाऊबंदांची नावं असतात, काही वाद अजून चालू असतात.

दाखला, कोर्ट, जमिनीचं प्रकरण यासाठी एआयचं वाचन देऊ नका. तिथे जाणकार मोडी वाचकाने सही करून दिलेलं लिप्यंतर लागतं. तुमचं वाचन त्यांना कुठला कागद आधी बघायचा हे सांगायला वापरा, गठ्ठ्यातून नेमके पाच कागद काढून नेलेत तर त्यांचाही वेळ वाचतो आणि तुमचाही.

कागद विकत मागायला लोक येतात. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन महत्त्वाची, ७५ वर्षांहून जुनी हस्तलिखितं येतात, त्यामुळे आधी चौकशी करा. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० मध्ये वि. का. राजवाड्यांनी सुरू केलेलं, पोथ्या असतील तर भांडारकर संस्था आहे. जाताना मूळ कागद नेऊ नका, चारही उजेडातले फोटो पेनड्राइव्हवर न्या आणि वहीचं फक्त डावं पान दाखवा, उजवं त्यांनी विचारल्यावर.